वर सरकलेला आरसा

ॲमस्टरडॅमजवळ आल्मेरेला लेकीच्या घरी पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावयावर पहिला आरोप केला. बाथरूममधला आरसा त्यांनी वर सरकवला होता. चार वर्षांपूर्वी मी याच घरी राहून गेले होते, तेव्हा त्या आरशात मला गळ्यातली चेनसुद्धा दिसायची. आता नाकाखाली काही दिसेना. टिकली लावता येत होती एवढंच, पण ओठांना काय लागलंय हे बघायला टाचा वर कराव्या लागत होत्या. घरात दोघंच राहतात, दोघं उंच, म्हणून आरसा आढ्याला नेऊन लावायचा का, असं मी नाश्त्याच्या टेबलावर विचारलं. जावईबापू हसले. सासूचं बोलणं कळलं नाही की ते हसतात, आणि कळलं तरी हसतात.

तसा या देशाबद्दल माझा संशय जुनाच आहे. माणसं ताडमाड, म्हणून सगळं त्यांच्या मापाचं. स्वयंपाकघराचा ओटा माझ्या बरगड्यांना लागतो. कपाटाचा वरचा खण पाहुण्यांनी उघडू नये अशाच बेताने बांधलेला. त्यामुळे आरसा वर गेला याचं मला नवल वाटलं नाही, रागच आला.

परकरांचं तेच. पुण्याहून आणलेले माझे परकर लेकीच्या मशीनमध्ये धुतले आणि जमिनीला लागायला लागले. धुऊन कपडे आटतात हे मला ठाऊक होतं, वाढतात हे मी आल्मेरेत पाहिलं. तुमचं मशीन पिळत नाही, ओढतं, असं मी लेकीला सुनावलं. तिला नववा महिना लागला होता, तिने वाद घातला नाही. खरं म्हणजे पुण्यातही ते परकर एक-दोनदा पायात आले होते, पण तिथे मी शिंप्याला झापलं होतं.

उंची आणि पाठ या दोन विषयांत मला कुणी काही शिकवावं अशी माझी परिस्थिती नव्हती. निवृत्त होईपर्यंत मी मुलींच्या शाळेत कवायत शिकवली. दर जूनमध्ये भिंतीवरच्या पट्टीला टेकवून पोरींची उंची मोजायची, उंचीप्रमाणे रांगा लावायच्या, आणि मग वर्षभर ‘पाठ सरळ’ म्हणून ओरडायचं, हा माझा धंदा. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी आजही रस्त्यात मला बघून आधी खांदे मागे घेते आणि मग नमस्कार करते. माझी स्वतःची उंची मात्र शेवटची मोजली गेली ती लग्नाच्या बाजारात. स्थळांना पाठवायच्या माहितीत पाच फूट दोन इंच असं लिहिलं गेलं, आणि त्यानंतर पट्टी घेऊन कुणी माझ्याकडे आलं नाही. बाईची उंची लग्न ठरेपर्यंतच लोकांच्या कामाची असते.

मी आले होते ती बाळाला न्हाऊ घालायला. बाळंतपण डॉक्टर करतात, औषधं विमावाले देतात, डिंकाचे लाडू आता ऑनलाइनही मिळतात. पण पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर उघडं बाळ पालथं घालायचं, कोमट तेलाने रगडायचं आणि सोसवेल तेवढ्या गरम पाण्याने शेकून काढायचं, हे आमच्या घराण्यात माझं काम. दोन्ही जावांची, नणंदेची, शेजारणींची, सगळ्यांची मुलं माझ्या पायांवरून गेलेली आहेत. विहीणबाईंनी गुडघे पुढे करून अंग काढून घेतलं तेव्हा मी फोनवर त्यांना काळजी घ्यायला सांगितलं आणि फोन ठेवल्यावर मनसोक्त हसले. मग पाट बॅगेत भरला, भोवती पातळं गुंडाळली, आणि निघाले.

ती बॅग विमानतळावर पट्ट्यावरून मीच उचलली. शेजारी एक उंचापुरा पोरगा मदतीला हात पुढे करत होता, त्याला मी हातानेच थांबवलं. बॅग खाली ठेवताना पाठीच्या मधोमध काहीतरी कचकन झालं. क्षणभर श्वास अडकला. बाहेर जावईबापू फुगा घेऊन उभे होते, त्यांच्याकडे बघून मी हसलेसुद्धा.

तेव्हापासून खोकलं की पाठीत कळ यायची आणि ती बरगड्यांवरून पोटाकडे जायची. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा द्यायचा, अशी एक नवीन कवायत मी बसवली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला सोफ्यावर बसवून रिमोट हातात दिला असता, आणि मी पाहुणी झाले असते. तीन महिन्यांचा व्हिसा काढून मी पाहुणी व्हायला आले नव्हते. शिवाय विहीणबाईंच्या गुडघ्यांवर एवढं हसल्यावर आपली पाठ कोणत्या तोंडाने पुढे करायची?

आणि त्या घरात पाठ आधीच एक होती. जावईबापूंची. तिचे लाड इतके होते की दुसऱ्या पाठीला जागाच नव्हती.

जावईबापू ॲमस्टरडॅमला आयटीत आहेत. आठवड्यातून दोन दिवस ट्रेनने जातात आणि उरलेले दिवस घरी एका खुर्चीत बसतात. त्या खुर्चीला इतक्या कळा आणि दांडे आहेत की तिच्यात बसायला शिकावं लागतं. टेबल बटण दाबलं की वर जातं, पुन्हा दाबलं की खाली येतं, जावईबापू मात्र त्याच्यासमोर बसलेलेच असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली. इथल्या डॉक्टरांनी, म्हणजे ज्यांना हाउसआर्ट्स म्हणतात त्या घरच्या डॉक्टरबाईंनी, तपासून सांगितलं की फोटोबिटो काढायची गरज नाही, चालत राहा, हळूहळू उचलायलाही लागा, बरी होईल. जावईबापूंना तो अपमान वाटला. ते गणपतीच्या रजेत पुण्याला आले आणि एमआरआय काढून घेऊन गेले. त्यात एल-फोर आणि एल-फाइव्ह या दोन मणक्यांमधली गादी किंचित बाहेर आलेली निघाली. कंबर महिन्याभरात दुखायची थांबली. रिपोर्ट मात्र राहिला.

एका रविवारी त्यांचे मित्र जेवायला आले. सगळे चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे, सगळे पुण्या-मुंबईचे. आमटीभात होईपर्यंत चौघांनी आपापल्या मणक्यांचे फोटो मोबाइलवर उघडले आणि एकमेकांना दाखवले. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे. एकाची गादी वाळली होती, एकाची सरकली होती, एकाच्या मानेत हाड वाढलं होतं, तो जरा भाव खात होता. इथल्या डॉक्टरांना काही कळत नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. डॉक्टरबाईंनी जावईबापूंना म्हणे सांगितलं होतं की या वयात अशा गाद्या म्हणजे डोक्यातले पांढरे केस, दिसतात, पण आजार नव्हे. त्यावर मित्रांनी कपाळाला हात लावला. जेवणं झाल्यावर माझ्या पोटुशा लेकीने पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट गॅरेजमधून उचलून आणला, कारण एल-फोर, एल-फाइव्ह. मी उठायला गेले, पण मला उठता येईपर्यंत क्रेट टेबलावर आला होता. त्या दिवशी मला जावयाचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

बाळंतपणाच्या आधी घरी ठोकळे आले. बाळ-बाळंतिणीचं करायला विम्यातर्फे आठवडाभर एक बाई येते, क्रामझोर्ख म्हणतात. ती यायच्या आधी लेकीचा पलंग ठोकळ्यांवर चढवून उंच करावा लागतो, नाहीतर बाई काम करायला नाही म्हणू शकते. का, तर वाकून तिची पाठ दुखू नये. मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या बाईला टाके पडणार तिने मचाणावर चढायचं, आणि धडधाकट बाईची पाठ जपायची. मी पोट धरून हसले, म्हणजे पोटच धरावं लागलं, पाठीत कळ आली म्हणून. आमच्याकडे कामवालीने वाकून फरशी पुसली नाही तर आपण दुसरी बघतो. तिच्या पाठीसाठी पलंग उचलणारं घर मी पाहिलं नव्हतं.

मुलगी झाली. सकाळी दवाखान्यात आणि संध्याकाळी घरी, इथे तसंच असतं. मग ती बाई आली, चांगली सहा फुटांच्या आसपास, आणि आठवडाभर माझ्या नातीवर तिचंच राज्य होतं. ती कधी म्हणून वाकायची नाही. टब उंच स्टँडवर, बाळ बदलायचं टेबल छातीशी, पलंग मचाण. आणि न्हाऊ घालणं? रोज नाहीच. एक दिवसाआड, कोमट पाण्यात बुडवायचं, काढायचं, टिपायचं, झालं. तेल म्हणजे दोन थेंब. कांद्याची भाजी ढवळावी तितकासुद्धा जोर नाही. मी दारात उभी राहून बघायचे आणि माझ्या पाटाला मनातल्या मनात धीर द्यायचे.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बाथरूममध्ये शॉवरखाली पाट मांडला. तेल कोमट केलं, पाणी हाताच्या मागच्या बाजूने पाहिलं, परकर गुडघ्यांपर्यंत घेतला. बसताना भिंतीचा आधार घेतला ते लेकीच्या लक्षात आलं नाही. पाय लांब केले. लेकीने नातीला माझ्या नडग्यांवर ठेवलं आणि टॉवेल आणायला गेली.

मी तेलाचा हात घेऊन पुढे वाकले आणि तिथेच अडकले.

पुढे जाता येईना, मागे येता येईना. कळ अशी की डोळ्यांसमोर टाइल्स हलल्या. नात पालथी, उघडी, पायांवर वळवळत होती, आणि मला एवढंच सुचलं की दोन्ही घोटे जुळवून घट्ट धरायचे, म्हणजे ती मधल्या खळग्यातून घसरणार नाही. हाक मारायला श्वास पुरेना. शेवटी मी तेलाची वाटी हाताने उडवली. ती काचेवर आपटली आणि जावईबापू धावत आले. त्यांनी आपल्या कोणत्याही मणक्याला न विचारता वाकून आधी बाळाला उचललं, लेकीच्या हातात दिलं, आणि मग काखेत हात घालून मला उभं केलं. मी म्हटलं, पायात गोळा आला.

माझं बोलणं कुणाला पटलं नव्हतं, ते तोंडांवरून दिसत होतं. बेसिन धरून मी उभी होते, आणि समोर तो आरसा, त्यात माझं अर्धं तोंड. लाज वाटली की मी भांडते. मी आरशावरून पुन्हा सुरुवात केली. घरात म्हाताऱ्या माणसाला तोंडसुद्धा दिसू नये अशी सोय करून ठेवलीय, खाली घ्या म्हणून सांगून महिना झाला, वगैरे.

जावईबापूंनी आरशाच्या कडेवर बोटांनी टकटक केलं.

“आई, हा बिल्डरने टाइल्समध्येच चिकटवलाय. खाली घ्यायचा तर फोडावा लागेल. आम्ही घर घेतलं तेव्हापासून इथेच आहे.”

मी काही बोलायच्या आत माझी नजर आरशाच्या डाव्या कडेला गेली. तिथे एक टिकली होती. मरून रंगाची, मध्यम आकाराची, पार फिकी पडलेली. आल्यापासून रोज दिसत होती, मी लेकीची समजले होते. लेक ऑफिसला जायला लागल्यापासून टिकली लावत नाही, हे मला माहीत असूनसुद्धा.

“ती तुझीच आहे,” लेक म्हणाली. “मागच्या वेळी तू गेलीस, त्यानंतर मी काढलीच नाही.”

रात्री टिकली काढून मी आरशावर चिकटवते. बघत नाही, हात आपोआप डोळ्यांसमोर जातो. आदल्या रात्रीचीही तिथेच होती, ताजी, मरून, त्याच पाकिटातली म्हणावी अशी. आरशाच्या अगदी खालच्या कडेला. जुनीच्या खाली तीन बोटं.

आरसा हलला नव्हता, टिकली हलली नव्हती. मशीनने परकर ओढले नव्हते आणि पुण्याचा शिंपी बिचारा निर्दोष होता. इतक्या पोरींची उंची मोजल्यावर मला यापुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी घाबरले. पाठीला नव्हे. आता हे लोक बाळ माझ्याकडे देणार नाहीत, या विचाराने.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि अर्थातच उंच. त्यांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी आणली. मी खांदे मागे घेतले, हनुवटी आत, टाचा जुळवल्या, शाळेत शिकवायची तशी. बाई म्हणाल्या, चार फूट अकरा. आधी किती होती? लेकीने ताबडतोब सांगितलं, पाच फूट दोन. बाईंचा चेहरा गंभीर झाला. मग मला तोंड उघडावं लागलं. पाच फूट एक. वरचा इंच माझ्या वडिलांनी स्थळांसाठी घातला होता. माझे यजमान गेले तोवर त्यांना हे कळलं नाही, आणि आता ते परदेशात इंग्रजीतून सांगावं लागलं. जावईबापू खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

एक्स-रे निघाला. पाठीच्या मधले दोन मणके पुढच्या बाजूने चेपले होते, बोटाने दाबलेल्या पावासारखे. एक जुना, तो कधी दबला मला माहीत नाही, दिवाळीची साफसफाई असेल. दुसरा ताजा, म्हणजे बॅग. हाडं विरळ झाली आहेत, बाईंनी समजावलं, पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांची होतात, आणि दुखलं तर बायका वय झालं म्हणतात आणि सोडून देतात. गेलेली उंची परत येत नाही. औषधाने पुढचे मणके वाचवता येतात. चालायचं, पाठीचे व्यायाम करायचे, पण पुढे वाकायचं नाही आणि काही उचलायचं नाही. बाळसुद्धा? मी विचारलं. खाली वाकून तर नाहीच, त्या म्हणाल्या.

निघताना जावईबापूंनी आपली कंबर पुढे केली. आलोच आहोत तर, म्हणून. बाईंनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की एका भेटीत एकच दुखणं. मग दार उघडून धरता धरता त्या हेही म्हणाल्या की बाळाला उचलून आणलंत ना, मग कंबर ठीक आहे. मला हसू आलं असतं, पण मला काही गोड लागत नव्हतं.

घरी आल्यावर लेकीने त्या बाईचा टब पुढे केला. उंच स्टँड आहे, उभ्याने होईल, दुसरं कुणी बाळ उचलून देईल. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, मी तिकीट अलीकडचं करून घेते. पाट पुन्हा पातळात गुंडाळून बॅगेत टाकला. संध्याकाळी जेवले नाही. मचाणाचे ठोकळे परत न्यायला माणूस येणार होता, त्याला लेकीने महिनाभर थांबायला सांगितलं आणि ते ठोकळे माझ्या पलंगाखाली आले, कारण खालच्या पलंगावरून मला उठता येईना. ज्यांवर मी पोट धरून हसले होते तेच. त्या उंच पलंगावर भिंतीकडे तोंड करून मी रडले. मणक्यांसाठी नाही. एवढ्या लांब येऊन माझ्या नातीला माझे पाय मिळाले नाहीत म्हणून.

सकाळी बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. बघते तर पाट शॉवरखाली मांडलेला, आणि त्याच्यावर जावईबापू, चड्डी गुडघ्यांवर दुमडून, पाय लांब करायच्या खटपटीत. पाय लांब होईनात. त्या खुर्चीने त्यांना कायमचं काटकोनात घडवलं होतं, गुडघे वर येत होते. शेजारी तेलाची वाटी होती. माझ्यासाठी दारात एक स्टूल ठेवलं होतं, उंच, स्वयंपाकघरातलं. लेकीने नातीला त्यांच्या नडग्यांवर ठेवलं.

मी स्टुलावर बसले. तोंड बंद ठेवायचं असं ठरवून बसले होते, पण त्यांनी तेल असं लावलं की जणू लॅपटॉपची काच पुसताहेत. मग मला राहवलं नाही. तळवा पूर्ण टेकवा म्हटलं. खांद्यापासून खाली, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे, कण्यावर नाही. भिऊ नका, ती फुटत नाही. नात आधी किंचाळली, मग हुंदके देत थांबली, आणि पाणी पाठीवर पडल्यावर तिने असा सुस्कारा टाकला की लेक दारातच हसायला लागली. जावईबापूंच्या कपाळावर घाम होता. ते नातीवर पार वाकले होते, खांदे कानांशी आले होते.

“पाठ सरळ,” मी म्हटलं. शाळेतल्याच आवाजात.

त्यांनी पाठ सरळ केली. हातातली तपेली तशीच धरून, वर न बघता ते म्हणाले, “तुमची पण, आई.”

मी ताठ झाले. आता होता येतं तेवढी.